ओळख ना पाळख

चीनमधल्या नानजिंग शहरातली एक विद्यार्थिनी मार्च २०१२ मध्ये गेली. जाण्याआधी तिनं 'वेइबो' या समाजमाध्यमावर आपल्या नैराश्याबद्दल चार ओळी लिहून ठेवल्या होत्या. अशा बातम्या येतात आणि चार दिवसांत विसरल्या जातात, पण हिच्या बाबतीत तसं झालं नाही. तिच्या त्या मजकुराखाली लोक लिहीत राहिले. आधी हळहळ व्यक्त झाली, मग 'का गं असं?' असे प्रश्न आले, आणि पुढे पुढे लोक स्वतःबद्दलच लिहू लागले. झोप लागत नाही. परीक्षेत पुन्हा नापास झालो, घरी सांगितलेलं नाही. आज दिवसभर कुणाशी एक शब्द बोललो नाही. वर्षं उलटली तरी हा ओघ आटला नाही, आणि नोंदी दहा लाखांच्या पुढे गेल्या. जी मुलगी यातलं एक अक्षरही वाचणार नव्हती, तिला लाखो माणसं आपलं दुखणं सांगत होती.

चिनी तरुण अशा जागेला झाडाची ढोली म्हणतात. राजाच्या कानांचं गुपित पोटात मावेना म्हणून ते झाडाला सांगून आलेला न्हावी आपल्याही लहानपणीच्या गोष्टींत भेटतो. या ढोलीत मात्र बोलणाऱ्यांपैकी काही जण त्याच रात्री जिवाचं बरंवाईट करण्याच्या बेतात होते, आणि त्यांचे शब्द बाकीच्या हजारो नोंदींत बुडून जात होते.

ॲमस्टरडॅममधल्या एका विद्यापीठात कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणाऱ्या हुआंग झीशेंग यांनी जुलै २०१८ मध्ये यावर एक उपाय सुरू केला. त्यांचा संगणकीय कार्यक्रम या नोंदी वाचतो आणि प्रत्येकीला धोक्याचा दर्जा देतो. नऊ म्हणजे लवकरच प्रयत्न होण्याची शक्यता, दहा म्हणजे प्रयत्न सुरू झालेला असू शकतो. वरच्या दर्जाच्या नोंदी स्वयंसेवकांकडे जातात. त्यांत मानसतज्ज्ञ आहेत, संशोधक आहेत आणि साधी नोकरदार माणसंही आहेत. ते त्या व्यक्तीला निरोप पाठवतात, बोलत ठेवतात, गरज पडली तर नातेवाइकांना किंवा पोलिसांना गाठतात. पहिल्या दीड वर्षात सुमारे सातशे जणांना वाचवल्याचा या गटाचा दावा होता. दावा म्हणायचं कारण असं, की या कामात यश मोजायचं कसं हाच प्रश्न असतो. जे घडलं नाही त्याची नोंद कोण आणि कुठे ठेवणार? हुआंग यांनी स्वतः २०१९ मध्ये सांगितलं होतं, की माध्यमानं घातलेल्या मर्यादेमुळे त्यांना दिवसाला तीन हजारांच्या आसपासच नोंदी वाचता येतात. त्यातून रोज एखाद-दुसऱ्यापर्यंतच पोचता येत होतं.

या हकिगतीत यंत्राचं कौतुक करण्यासारखं बरंच आहे, पण मला त्याहून विचार करण्यासारखी वाटते ती त्या माणसांनी केलेली निवड. आई होती, मित्र होते, वसतिगृहातल्या खोलीत शेजारच्या पलंगावर कुणीतरी झोपलेलं होतं. तरी बोलणं झालं ते परक्यांपुढे.

जर्मन समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेल यांनी १९०८ मध्ये परक्या माणसावर एक छोटं टिपण लिहिलं. त्यात ते म्हणतात, की जवळच्यांपासून काळजीपूर्वक लपवलेल्या गोष्टी लोक परक्यापुढे सहज बोलून जातात. रात्रीच्या एसटीत शेजारी बसलेल्या माणसाला सुनेपासून कर्जापर्यंत सगळं सांगून टाकणारे आणि स्वारगेटला उतरताना नावही न विचारणारे प्रवासी आपण पाहिलेले असतात. परक्याचं आपल्या आयुष्यात काही गुंतलेलं नसतं. त्याला सांगितलं म्हणून उद्याच्या जेवणाच्या पानावर कुणी रडवेलं होऊन बसणार नसतं, कुणाचं लग्न मोडणार नसतं, 'हेच ऐकायला तुला शिकवलं का' असं कुणी म्हणणार नसतं. मराठी घरांत तर 'चार लोक काय म्हणतील' ही पाचवी व्यक्ती कायम उपस्थित असते. त्यात आपण सगळ्यांना ओझं झालो आहोत, ही संकटात सापडलेल्या माणसाची हमखास भावना असते. मग आपल्या माणसाला सांगणं म्हणजे त्याच ओझ्यात भर घालणं, असा हिशेब तो करतो. हा हिशेब चुकीचा असतो, पण त्या घटकेला तो त्याला अगदी बिनचूक वाटतो.

तरीही तो परक्यापुढे तोंड उघडतो, याचा अर्थ काय? लॉस एंजेलिसमध्ये १९५८ मध्ये आत्महत्या प्रतिबंध केंद्र उभारणाऱ्यांपैकी एक, एडविन श्नाइडमन, यांनी या प्रश्नावर आयुष्य घालवलं. त्यांचा सगळा भर एका गोष्टीवर होता. मरू पाहणाऱ्या माणसाला बहुधा मरण नको असतं, त्याला सहन न होणारी मनाची वेदना थांबायला हवी असते, आणि ती थांबवण्याचा दुसरा रस्ता त्या वेळी त्याला दिसत नसतो. जायचंही असतं आणि कुणीतरी अडवावं असंही वाटत असतं. ही दोन्ही मनं एकाच वेळी खरी असतात. 'खरंच करायचं असतं तर बोलला नसता' हे आपल्याकडे सर्रास ऐकू येणारं वाक्य म्हणूनच धोक्याचं आहे. बोलला, कारण त्याचं एक मन अजून वाट बघत होतं.

दुसरी गोष्ट वेळेची. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुक इथे प्रयत्नानंतर वाचलेल्या ८२ रुग्णांना संशोधकांनी विचारलं, की विचार पक्का होण्यापासून कृतीपर्यंत किती वेळ गेला? जवळजवळ निम्म्यांचं उत्तर होतं, दहा मिनिटं किंवा त्याहून कमी. त्याआधी, १९७८ मध्ये, रिचर्ड साइडन या अमेरिकी संशोधकानं ऐन क्षणी अडवून परत आणलेल्या ५१५ जणांचा पुढे अनेक वर्षांनी शोध घेतला होता. त्यांच्यातले सुमारे ९४ टक्के एकतर जिवंत होते किंवा नैसर्गिक कारणानं गेलेले होते. 'आज अडवलं तर उद्या करेल' हा समज या आकड्यांपुढे टिकत नाही. लाट मोठी असते, पण ती ओसरते. ती ओसरेपर्यंत कुणीतरी सोबत असावं लागतं, आणि एवढ्या कामाला परका माणूस पुरतो.

हे आकडे हाती नसतानाच लंडनमधल्या एका धर्मगुरूनं नेमकं हेच ताडलं होतं. चॅड वारा हा माणूस जरा अवलियाच होता. चर्चच्या तुटपुंज्या मिळकतीला जोड म्हणून तो 'ईगल' या मुलांच्या चित्रकथा-साप्ताहिकासाठी काम करायचा. लैंगिक शिक्षणावर उघड बोलायचा, आणि त्यामुळे सभ्य मंडळींच्या शिव्याही खायचा. या सगळ्याचं मूळ १९३५ मधल्या एका अंत्यविधीत होतं. वारा तेव्हा लिंकन इथे नवखा धर्मगुरू होता. चौदा वर्षांच्या एका मुलीनं आत्महत्या केली होती. तिला पाळी आली होती, आणि आपल्याला गुप्तरोग झाला आहे असं समजून ती घाबरून गेली होती. विचारायला कुणी नव्हतं. एका वाक्याच्या उत्तरानं सुटणारा प्रश्न होता, आणि ते उत्तर देणारं एकही माणूस तिच्या आसपास नव्हतं.

पुढे १९५३ मध्ये वारा लंडनच्या ऐन व्यापारी भागातल्या सेंट स्टीफन वॉलब्रुक या चर्चमध्ये आला. ख्रिस्तोफर रेनच्या या देखण्या इमारतीची युद्धातल्या बाँबहल्ल्यात पडझड झाली होती. आग लागली, चोर आले तर लोक ९९९ फिरवतात. जीव नकोसा झाला तर कुठला नंबर फिरवायचा, असा त्याचा साधा सवाल होता. लक्षात राहील असा ९००० हा क्रमांक आपल्याला मिळावा असं त्याला वाटत होतं. चर्चमधल्या पडझडीत सापडलेल्या टेलिफोनवरची धूळ पुसून पाहिलं, तर त्याचा क्रमांक आधीपासूनच मॅन्शन हाउस ९००० निघाला, असं तो सांगायचा. त्याच वर्षी २ नोव्हेंबरला त्या फोनवर पहिला कॉल आला. इंग्लंडमध्ये तेव्हा आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता आणि पुढे १९६१ पर्यंत राहिला. म्हणजे फोन करणारा माणूस मनाची व्यथा सांगताना कायद्याच्या दृष्टीनं आपल्या गुन्ह्याचा बेतही सांगत होता.

सुरुवातीची कल्पना अशी होती, की वारा स्वतः लोकांना सल्ला देणार. वर्तमानपत्रांत बातमी आली आणि लोक फोनवर थांबेनात, थेट चर्चच्या दारात येऊ लागले. वारा एका वेळी एकाशीच बोलू शकत होता, त्यामुळे बाकीचे बाहेर बसून राहत. त्यांना चहा द्यायला, जरा सोबत करायला काही स्वयंसेवक बसू लागले. त्यांना कसलंही प्रशिक्षण नव्हतं. मग वाराच्या एक गमतीची गोष्ट ध्यानात आली. बाहेर बसलेले बरेच जण चहा पिता पिता त्या स्वयंसेवकाशी बोलायचे, आणि पाळी येईपर्यंत त्यांना आत जाण्याची गरजच उरलेली नसायची. तज्ज्ञाच्या खोलीत जे व्हायचं ते बाहेरच्या बाकावरच होऊन जात होतं. स्वतःचा मोठेपणा बाजूला ठेवून हे कबूल करायला मन मोठं लागतं. वारानं फेब्रुवारी १९५४ मध्ये टेलिफोन सरळ त्या स्वयंसेवकांच्या हाती दिला आणि स्वतः मागे सरला. 'समॅरिटन्स' ही संस्था खऱ्या अर्थानं तिथून सुरू झाली. तिच्या धर्तीवर जगभर केंद्रं निघाली. आपल्याकडे चेन्नईत मानसोपचारतज्ज्ञ लक्ष्मी विजयकुमार यांनी १९८६ मध्ये 'स्नेहा' सुरू केली.

त्या बाकावर नेमकं काय होत असेल, हे समजून घ्यायचं तर आजचाच एखादा प्रसंग घ्यावा. रात्रीचा दीड वाजलाय. कुणीतरी समाजमाध्यमावर लिहिलं आहे, 'माझ्यामुळे सगळ्यांना त्रास होतोय. आता बास झालं.' खाली प्रतिसाद येऊ लागतात. 'भावा, असं नको बोलूस, आयुष्य खूप सुंदर आहे.' 'आईबाबांचा विचार कर जरा.' 'माझ्याकडे बघ, मी यापेक्षा वाईट दिवस काढलेत.' 'स्वामींवर विश्वास ठेव, सगळं ठीक होईल.' यातल्या एकाच्याही मनात वाईट नाही. पण लिहिणाऱ्याच्या जागी बसून पाहा. आयुष्य सुंदर आहे असं म्हटलं, की ते ज्याला तसं दिसत नाही त्याच्यातच काही खोट आहे असं ठरतं. आईबाबांचा विचार तो रात्रंदिवस करतोच आहे, त्यांना त्रास होतोय हेच तर त्याचं पहिलं वाक्य होतं. तिसऱ्यानं गोष्ट स्वतःकडे वळवून घेतली. चौथ्यानं चर्चाच संपवली. प्रत्येक प्रतिसादात 'हे बोलणं आता थांबव' एवढंच सांगितलेलं आहे, आणि त्यानं तर नुकतीच सुरुवात केली होती.

ऐकण्याचं शिक्षण घेतलेला स्वयंसेवक इथे फार कमी बोलतो. 'खूप दिवस हे एकट्यानं ओढताय असं दिसतंय. काय झालं, सांगाल?' एवढंच. मग थांबतो. उत्तर येतं, बहुधा तुटक. तो त्याच उत्तराचा धागा पकडतो, नवा विषय काढत नाही. आणि थोड्या वेळानं आपण सगळे जो प्रश्न टाळतो तो तो सरळ विचारतो, 'बास झालं म्हणता, म्हणजे जीव देण्याचा विचार मनात येतोय का?'

हा प्रश्न विचारायला आपली जीभ रेटत नाही. विचारलं आणि डोक्यात नसलेलं खूळ भरलं तर? ही भीती इतकी रास्त वाटते, की तिची रीतसर तपासणी झाली. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांमधल्या २,३४२ विद्यार्थ्यांवर मॅडलिन गूल्ड आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना आत्महत्येच्या विचारांबद्दल प्रश्न विचारले, निम्म्यांना नाही. विचारलेल्यांच्यात अस्वस्थता वाढली नाही, विचारही वाढले नाहीत. उलट नैराश्य असलेल्या किंवा आधी प्रयत्न केलेल्या मुलांना विचारल्यानंतर किंचित बरंच वाटलेलं दिसलं. विचार कुणी पेरत नाही, तो आधीच तिथे असतो. सरळ प्रश्नानं एवढंच होतं, की ज्याचं नाव काढायचं नाही असं वाटत होतं ते या माणसापुढे काढता येतं हे त्याला कळतं.

त्यानंतरचे प्रश्न व्यवहाराचे असतात. आत्ता घरी कोण आहे? कसं, काय याचं काही ठरवलंय का? ज्यानं इजा होऊ शकेल असं जवळ असेल तर ते दुसऱ्याच्या ताब्यात देता येईल, किंवा निदान तुम्ही त्या खोलीतून बाहेर येऊन बसाल? सकाळपर्यंत फोनवर बोलू शकेल असं एक नाव सांगा. इथे सगळं आयुष्य मार्गी लावायचं नसतं, फक्त ती रात्र काढायची असते. कर्ज, घटस्फोट, निकाल हे सगळं उद्या असणारच आहे. प्रयत्न सुरू झाला असेल किंवा धोका अगदी तोंडावर असेल, तर मात्र गप्पांत वेळ न घालवता ११२ फिरवायचा, हेही याच शिक्षणात असतं.

परका माणूस म्हटला की त्याची दुसरी बाजूही आली. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातला एक परिचारक वेगवेगळ्या नावांनी, सहानुभूती असलेल्या तरुणीचं सोंग घेऊन, अशाच निराश लोकांना ऑनलाइन गाठायचा आणि त्यांना मरणाकडे ढकलायचा. ब्रिटनमधला एक आणि कॅनडातली एक अशा दोघांच्या मृत्यूंसंदर्भात २०११ मध्ये त्याला दोषी ठरवण्यात आलं. नुसतं उत्तेजन देणं हे बोलण्याच्या स्वातंत्र्यात येतं, असं म्हणत तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये कायद्याचा तो भाग रद्द केला. फेरविचारात मदत केल्याच्या आणि मदतीचा प्रयत्न केल्याच्या आरोपांवर तो पुन्हा दोषी ठरला. परक्याला काही देणंघेणं नसतं म्हणून तो सुरक्षित वाटतो, आणि तेच कारण त्याला धोकादायकही करू शकतं. लंडनच्या बाकामागे निवड, शिक्षण, देखरेख असलेली एक संस्था उभी राहिली ती यामुळेच. उघड्या समाजमाध्यमावर ही व्यवस्था नसते.

त्याच समॅरिटन्सनं २०१४ मध्ये एक मोठा घोळ घातला. ट्विटरसाठी त्यांनी 'रडार' नावाचं साधन काढलं. तुम्ही ज्यांचं लिखाण वाचता, त्यांच्यापैकी कुणाच्या शब्दांत निराशा दिसली तर तुम्हाला इशारा येणार, आणि ज्याच्यावर नजर ठेवली जातेय त्याला मात्र पत्ता नसणार. हेतू उत्तम होता. पण ज्यांच्यासाठी हे केलं त्याच लोकांनी कडाडून विरोध केला. आमच्या मागावर असणाऱ्यांनाही हाच इशारा जाणार ना, असा त्यांचा प्रश्न होता. आमच्या सर्वांत दुबळ्या घटकेची खबर आम्हाला न विचारता का द्यायची? दहा दिवसांच्या आत 'रडार' मागे घ्यावं लागलं. फोन उचलून क्रमांक फिरवणारा माणूस आपला परका स्वतः निवडतो. इथे परकाच त्याला निवडत होता. नानजिंगच्या ढोलीवर लक्ष ठेवणाऱ्यांनाही हा प्रश्न चुकलेला नाही. जीव वाचत असेल तर मी त्यांच्या बाजूनं उभा राहीन, पण प्रश्न मिटला असं म्हणणार नाही.

आता तर परका म्हणून यंत्रच हजर आहे. एमआयटीतल्या जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ मध्ये 'एलायझा' हा बोलणाऱ्याचंच वाक्य उलटवून प्रश्न विचारणारा कार्यक्रम केला. तो कसा चालतो हे ठाऊक असलेल्या त्यांच्याच सचिवबाईंनी त्याच्याशी थोडं बोलणं झाल्यावर वायझेनबाउम यांना खोलीबाहेर जायला सांगितलं. आजची यंत्रं त्याहून कितीतरी पटीनं चांगली बोलतात, कंटाळत नाहीत, रागावत नाहीत. पण बाकावरच्या स्वयंसेवकाकडे एक गोष्ट होती जी यंत्राकडे नाही. त्याला घरी जाता आलं असतं, आणि तो गेला नव्हता.

आपल्या देशात परक्यापर्यंत पोचण्याच्या वाटेत बराच काळ पोलीस ठाणं उभं होतं. इंग्रजांनी १८६० मध्ये दिलेल्या दंडसंहितेतलं कलम ३०९, म्हणजे आत्महत्येच्या प्रयत्नाला वर्षापर्यंत कैद. इंग्रजांनी स्वतःच्या देशात हा गुन्हा १९६१ मध्ये काढून टाकला, आपण तो जपून ठेवला. मुंबई पोलीस दलातल्याच, मानसिक आजारानं ग्रासलेल्या एका शिपायावर हा खटला भरला गेला, तेव्हा १९८६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी हे कलम घटनाबाह्य ठरवलं. सर्वोच्च न्यायालयानंही १९९४ मध्ये तसंच म्हटलं आणि १९९६ मध्ये मोठ्या पीठानं ते फिरवलं. कलम पुन्हा जागेवर आलं. 'पोलीस केस होईल' या धास्तीनं कागदावर 'अपघात' लिहून घेण्यासाठी दवाखान्यात डॉक्टरांच्या मागे लागलेले नातेवाईक ज्यांनी पाहिलेत, त्यांना या कलमानं काय केलं ते वेगळं सांगायला नको. ज्याला बोलायची सर्वांत जास्त गरज त्यालाच गप्प बसवण्याची ती सोय होती. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ मध्ये अमलात आला. त्याच्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं धरून चालायचं आणि तिच्यावर खटला न भरता तिला उपचार, पुनर्वसन द्यायचं. भारतीय न्याय संहितेत, जुलै २०२४ पासून, जुनं ३०९ राहिलेलंच नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा तिथे गुन्हा आहे.

बदल किती झाला ते ऑगस्ट २०२० मधल्या एका रात्रीवरून दिसतं. फेसबुकच्या आयर्लंडमधल्या कर्मचाऱ्यांना एका भारतीय खात्यावरच्या हालचाली काळजी करण्यासारख्या वाटल्या. त्यांनी दिल्लीच्या सायबर पोलिसांना कळवलं. खात्याशी जोडलेला फोन दिल्लीतल्या एका बाईंचा निघाला. खातं आपला नवरा वापरतो, तो भांडून मुंबईला गेलाय आणि तिथे स्वयंपाक्याचं काम करतो, असं त्यांनी सांगितलं. पत्ता त्यांनाही माहीत नव्हता. दिल्लीनं मुंबईच्या सायबर पोलिसांना गाठलं, फोनाफोनी झाली, आणि मध्यरात्र उलटल्यावर पोलीस भाईंदरमध्ये त्याच्यापर्यंत पोचले. टाळेबंदीत पैशाची ओढाताण आणि लहान मूल, या विवंचनेत तो होता. आयर्लंड, दिल्ली, मुंबई, भाईंदर या साखळीतल्या एकाचीही त्याच्याशी ओळख नव्हती. पंधरा-वीस वर्षांपूर्वी हेच पोलीस दारात आले असते, तर हातात जबाब लिहायचा कागद घेऊन.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या. त्यांतल्या २२,७४६ महाराष्ट्रात, म्हणजे सगळ्या राज्यांत सर्वाधिक. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला केंद्र सरकारनं 'टेली-मानस' सुरू केलं. १४४१६ हा क्रमांक कुठल्याही फोनवरून, कुठल्याही वेळी, फुकट लागतो आणि मराठीत बोलता येतं. फोन करायला आजाराचं नाव माहीत असावं लागत नाही. मन ठिकाणावर नाही, एवढं कारण पुरतं. आपल्या जवळच्या कुणाची काळजी वाटते म्हणूनही फोन करता येतो.

ती रात्र निघाली की परक्याचं काम संपलं असं मात्र नाही. याबद्दलचा सर्वांत अजब प्रयोग सॅन फ्रान्सिस्कोतले मानसोपचारतज्ज्ञ जेरोम मोटो यांनी केला. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात असताना जेमतेम ओळखीची एक मुलगी त्यांना पत्रं लिहायची. परतफेडीची अपेक्षा नसलेल्या त्या पत्रांनी काय दिलं ते त्यांच्या मनात राहिलं होतं. नैराश्यामुळे किंवा आत्महत्येच्या प्रयत्नामुळे रुग्णालयात दाखल झालेल्या आणि घरी गेल्यावर पुढचे उपचार नाकारलेल्या ८४३ जणांची त्यांनी चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागणी केली. एका गटाला काहीच पाठवलं नाही. दुसऱ्याला पाच वर्षांत चोवीस पत्रं, सुरुवातीला दर महिन्याला, मग अंतर वाढवत. पत्र म्हणजे दोन-तीन ओळी. तुम्ही आमच्याकडे होतात त्याला काही काळ झाला, बरे असाल अशी आशा आहे, वाटलं तर कळवा. गोळ्या घ्या नाही, भेटायला या नाही, कसलीही प्रश्नावली नाही. सोबत पत्ता लिहिलेलं एक रिकामं पाकीट, तिकीटसुद्धा न लावलेलं, म्हणजे उत्तराचं दडपण नको. आणि प्रत्येक वेळी मजकूर थोडा वेगळा, म्हणजे छापील परिपत्रक वाटायला नको. २००१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पत्रं मिळालेल्या गटात आत्महत्यांचं प्रमाण कमी होतं, आणि हा फरक पहिल्या दोन वर्षांत, म्हणजे धोका सर्वाधिक असतो त्याच काळात, सर्वांत ठळक होता.

काहींनी उत्तरंही पाठवली. त्यांतल्या एकानं मोटो यांना एक सणसणीत शिवी हासडून लिहिलं होतं, की तुमच्याइतका चिवट माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही, तेव्हा तुम्हाला माझी खरंच काळजी असणार.